टेबलावर ऐकलेलं

राजाजीनगर, बेंगळूर
९ जानेवारी १९९४

ती. मालनआत्यास कस्तुरीचा वाकून नमस्कार.

आधी बातमी, मग बाकीचं. रेघ आली!

काल सकाळी साडेनऊला, आमच्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात, मी दीड वर्ष जोडत असलेल्या यंत्राच्या पडद्यावर ती स्वच्छ उमटली. आत्तापर्यंत विजेच्या तारांची घरघर तेवढी यायची. दिवे बदलले, वायर बदलल्या, एकदा तर थिएटरातला पंखा बंद करायला लावला म्हणून सर्जन माझ्यावर ओरडलेसुद्धा. पण काल आली.

तू गणिताची बाई, तुला सांगायला मजा येते. भूल दिलेल्या माणसाच्या कानाला हेडफोन लावायचे आणि त्यातून टिकटिक सोडायची, सेकंदाला सहा. डोक्याला तीन ठिकाणी चकत्या चिकटवायच्या. प्रत्येक टिकेला मेंदू विजेचं एक उत्तर देतो, पण ते इतकं बारीक असतं की मेंदूच्या स्वतःच्या गलबल्यात बुडून जातं. म्हणून हजार टिकांची हजार उत्तरं घ्यायची आणि सरासरी काढायची. गलबला कधी वर तर कधी खाली, तो आपला आपण खोडला जातो. उत्तर दर वेळी त्याच जागी येतं, ते शिल्लक राहतं.

जाग्या माणसाच्या रेघेत डोंगर टोकदार असतात. भूल चढते तसे ते बुटके होतात, उशिरा यायला लागतात, आणि शेवटी जवळजवळ माळरान. त्यांच्याही आधीची, कानापासून मेंदूच्या खोडापर्यंतची चिमुकली उत्तरं मात्र बरीचशी तशीच येत राहतात. म्हणजे दार वाजलेलं पोचतं, पण घरात कुणी उठत नाही.

याचा उपयोग काय, तर ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायचं इंजेक्शन देतात. त्यानं बोट हलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. मग आतला माणूस खरंच झोपलाय की नाही, हे डॉक्टरांनी नाडी, रक्तदाब, घाम यांवरून ओळखायचं. क्वचित कुणी नंतर म्हणतं, मला सगळं ऐकू येत होतं. अण्णांचं मत, ती शुद्धीवर येतानाची स्वप्नं. बघू, माझी रेघ काय म्हणते.

अण्णा भूलविभागाचे प्रमुख, म्हणून काल पूर्ण वेळ माझ्या मागे उभे होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझा धाकटा भाऊ म्हणाला, "मधली चकती स्वल्प डावीकडे गेलीय." झालं! पण नंतर कॅन्टीनमध्ये डॉक्टर हयवदनना सांगत होते, "ती इंजिनिअर माझी मुलगी." हयवदन मला तीन वर्षं रोज बघतात.

अण्णा तब्येतीनं बरे आहेत. आत्याला लिहा म्हटलं की "तू लिहितेस ना" म्हणतात. वर्षातून एकदा भाऊबीजेला निपाणीला यायचं, ओवाळून घ्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीला बसायचं. आई होती तेव्हाही असंच होतं का गं?

तुझी,
कस्तुरी

*

निपाणी
१७ जानेवारी १९९४

चि. कस्तुरी, आत्याचे खूप आशीर्वाद.

पत्र शनिवारी पोचलं. दोनदा वाचलं, एकदा आनंदासाठी आणि एकदा चुका काढायला. चुका तीनच, म्हणजे तुझी प्रगती आहे.

शेजारच्या भीमाचार्यांना फाटकापाशी अर्धा तास उभं करून सगळं समजावलं. त्यांना काही कळलं नाही, पण "मुलगीनं नाव काढलं" म्हणाले. शाळेतही जाऊन सांगून आले. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले त्याला आठ महिने झाले, तरी शिक्षकांच्या खोलीत माझ्यासाठी अजून खुर्ची सरकवतात. ऊर भरून आला बघ सांगताना. आमच्या घराण्यात पोरींनी शिकायचं ते शिवणापुरतं, असं म्हणणारे लोक मी पाहिलेत.

आता एक शंका. सेकंदाला सहा, म्हणजे हजार टिकांना पावणेतीन मिनिटं लागतात. तेवढ्यात माणूस मिनिटभर जागा होऊन परत झोपला, तर तुझ्या सरासरीत ते दिसणार कसं? याचं उत्तर शोध.

दुसरं असं की, बाळंतपणाच्या ऑपरेशनात मूल बाहेर येईपर्यंत भूल हलकी ठेवतात म्हणे. अशा बाईची रेघ कशी येते? सहज विचारते. तुझ्या बापाला, गुरुराजाला, हा प्रश्न माझा म्हणून सांगायची गरज नाही.

आत्या

*

राजाजीनगर, बेंगळूर
२० फेब्रुवारी १९९४

आत्या, नमस्कार.

तुझ्या पहिल्या शंकेनं माझे दोन आठवडे खाल्ले. आता मी अडीचशे टिकांची सरासरी घेते आणि ती सतत पुढे सरकत ठेवते. रेघ थोडी खरबरीत येते, पण पाऊण मिनिटाच्या आत बदल दिसायला लागतो. डॉक्टर हयवदन म्हणाले, "ही कल्पना कुणाची?" मी म्हटलं, "निपाणीच्या गणिताच्या बाईंची." त्यांना थट्टा वाटली.

दुसऱ्या प्रश्नासाठी समितीची परवानगी काढावी लागली. सहा बायका झाल्या. प्रत्येकीला आधी समजावून सांगितलं, सही घेतली. तुझं बरोबर आहे. भुलीचं औषध बाळापर्यंत पोचतं, म्हणून बाळ निघेपर्यंत हात राखून देतात. त्या पाच-सात मिनिटांत डोंगर बुटके होतात, पण पुरते जात नाहीत. नंतर कुणालाच काही आठवत नव्हतं. पण ती रेघ बघून माझ्या अंगावर काटा आला. दार वाजतंय आणि आत कुणीतरी कूस बदलतंय, असं वाटलं.

आता कबुली. तू सांगू नको म्हणालीस आणि मी सांगून बसले. जेवताना सहज म्हटलं, "हा प्रश्न मालनआत्याचा बरं का." अण्णांनी घास खाली ठेवला. "काय विचारलं तिनं? नेमके शब्द सांग." सांगितले. मग ते पान तसंच टाकून उठले आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी मनात म्हटलं, बहिणीनं भावाच्या विषयात नाक खुपसलेलं आवडलं नसेल. तुम्ही दोघं अगदी एका साच्यातले आहात.

पण तू हे कुठं वाचलंस? मराठी मासिकात आलं होतं का? मला पाठव ना.

कस्तुरी

*

निपाणी
३ मार्च १९९४

चि. कस्तुरी,

मासिकात नाही वाचलं. लिहायला बसत होते आणि उठत होते. आज लिहून टाकते.

१९६७चा श्रावण. मी बत्तीस वर्षांची, लग्नाला नऊ वर्षं झालेली, आणि पहिल्यांदाच दिवस पूर्ण भरलेले. तुझे काका बदलीच्या गावी होते. एकाएकी रक्त जायला लागलं म्हणून मला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. तिथं भूल देणारा डॉक्टर एकच, नुकता शिकून आलेला. माझा भाऊ. स्ट्रेचरवरून मी त्याला म्हणाले, "गुरू, तू आहेस ना, मग मला काळजी नाही."

सुई टोचली आणि मी गेले. मग परत आले. कशी ते सांगता येत नाही. पापणी उचलेना, बोट हलेना. श्वाससुद्धा माझा नव्हता, कुणीतरी तो आत ढकलत होतं. पोटात ओढाताण कळत होती, पण दुखणं म्हणावं असं नव्हतं. कान मात्र लख्ख उघडे. ताटात चिमटे पडत होते. मी मूल रडायची वाट बघत होते. ते रडलं नाही. सर्जन म्हणाले, "मुलगी आहे. गेली." मग थोड्या वेळानं, "पिशवी ठेवता येत नाही, काढावी लागेल." आणि गुरूचा आवाज, "काढा. पण तिला इतक्यात कुणी सांगू नका. मी सांगेन."

मी आतल्या आत ओरडत होते, गुरू, मी ऐकतेय.

दुसऱ्या दिवशी तो आला, माझा हात धरला आणि मूल गेल्याचं सांगितलं. मी म्हटलं, "आणि पिशवी काढली." त्याचा चेहरा उतरला.

"कुणी सांगितलं तुला?"

"तूच. टेबलावर."

"अक्का, तू बेशुद्ध होतीस. मी दिलेली भूल आहे. तुला स्वप्न पडलं असेल."

"स्वप्नात पिशवीचं कसं कळेल मला?"

तेव्हा त्यानं मान वळवली. खोलीत विठाबाई नावाची नर्स होती. ऑपरेशन झाल्यापासून ती माझ्या उशापासून हलली नव्हती. गुरू तिच्यावर कडाडला, "तुम्ही बोललात!" तिनं शपथ घेतली. मीही सांगितलं, परत परत सांगितलं. सगळे म्हणाले, बाईला धक्का बसलाय, ती काहीही बोलेल. आठ दिवसांत विठाबाईला कामावरून काढलं. इंग्रजी कागदावर कारण लिहिलं, 'रुग्णास नको ती माहिती सांगितली.' नवरा नाही, पदरात दहा वर्षांचा मुलगा. ते गाव सोडून गेली.

मूल गेलं ते मी सोसलं. पण शाळेत मी एवढ्या पोरांना खरं बोलायला शिकवलं, आणि माझ्या सख्ख्या भावानं माझा शब्द मानला नाही. तेव्हापासून आम्ही दोघं बोलतो, पण काही बोलत नाही.

हे पत्र त्याला दाखवायचं की नाही, ते तुझ्यावर सोपवते.

आत्या

*

राजाजीनगर, बेंगळूर
२२ मे १९९४

आत्या, नमस्कार.

अडीच महिने उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. तुझं पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलं होतं. अण्णांना दाखवायचं तर हातात काहीतरी ठोस हवं होतं. नाहीतर ते पुन्हा तुला तेच म्हणाले असते, आणि ते मला ऐकवलं नसतं.

एप्रिलच्या शेवटी शिवलीला नावाची एक बाई आली. बाळंतपणाचं ऑपरेशन, सही देऊन माझ्या यंत्राला जोडलेली. बाळ निघालं, ठणठणीत. पण नंतर तिला रक्तस्राव सुरू झाला, दाब साठावर आला. भूल देत होते डॉक्टर हयवदन. त्यांनी औषधाची वाफ झटकन बंद केली. आणि माझ्या पडद्यावर डोंगर उभे राहायला लागले, आत्या! माझा माझ्या यंत्रावर विश्वास बसेना. मिनिटभर मी वायरीच तपासत बसले. मग ओरडले, "ती ऐकतेय!" हयवदन तिच्या कानाशी वाकले, हेडफोन उचलून कन्नडमध्ये म्हणाले, "घाबरू नका, बाळ छान आहे, तुम्हीही ठीक आहात." दाब वर आल्याबरोबर पुन्हा औषध सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, काय आठवतं? तिनं रक्ताच्या बाटल्यांवरून झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाली, "कुणीतरी बाळ छान आहे म्हणालं, मग मी निवांत झाले."

मी दोन कागद अण्णांपुढे ठेवले. एक माझी स्वतःची रेघ, खुर्चीत बसून काढलेली. दुसरी तिची. नाव कशावरच नाही.

"दोन्ही जाग्या माणसांच्या आहेत," अण्णा म्हणाले. "हिची थोडी पेंगुळलेली, एवढंच."

"ती टेबलावरची आहे, अण्णा. पोट उघडलेलं असतानाची."

त्यांनी चष्मा काढला. "दाब पडला होता?"

"साठ."

"मग भूल कमी करावीच लागते. नाहीतर बाई हातची जाते. दुसरा इलाजच नाही."

"हो. आणि तिनं सगळं ऐकलं. मला शब्दन् शब्द सांगितला."

मग मी तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं. घडी घातली, परत उघडलं, परत वाचलं. खिडकीपाशी गेले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी ईथर मी माझ्या हातानं बंद केलं होतं. अकरा मिनिटं."

सत्तावीस वर्षांनंतर त्यांना मिनिटं पाठ आहेत.

जूनअखेर मी दीड महिना दिल्लीला जातेय. तिथं माझा निबंध वाचायचाय आणि एक नवं यंत्र शिकायचंय. तोवर अण्णा तुला लिहितील असं वाटतं. नाही लिहिलं तर मीच त्यांना निपाणीच्या गाडीत बसवीन.

कस्तुरी

*

राजाजीनगर, बेंगळूर
३० मे १९९४

ती. अक्कास, गुरुराजाचा साष्टांग नमस्कार.

तू ऐकलं होतंस.

हे एवढंच लिहायला मला आठ दिवस लागले. आता पुढचं लिहितो.

तुझा दाब साठाच्या खाली गेला होता. ईथर चालू ठेवलं असतं तर तू टेबलावरच संपली असतीस. मी ते बंद केलं. ते बरोबर होतं. आजही मी तेच करीन, आणि त्याबद्दल मान खाली घालणार नाही. चुकलो तो दुसऱ्या दिवशी. 'टेबलावर ऐकलं' असं तू म्हणालीस त्याच क्षणी मला ती अकरा मिनिटं आठवली. हे खरं असणार, हे मला कळलं होतं, अक्का. पण बाहेर सगळे म्हणत होते, या पोरानं बहिणीला मरणाच्या दारातून आणलं. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. ते ऐकायला फार गोड लागत होतं. त्यात तुझं ऐकणं बसत नव्हतं. मला दुसरं कुणीतरी हवं होतं, आणि विठाबाई समोर उभी होती.

पुढे मी शेकडो डॉक्टरांना भूल शिकवली. प्रत्येकाला सांगितलं, पेशंट असं काही म्हणाला तर समजूत घाला, स्वप्न पडलं म्हणा. ते शिकवताना दर वेळी तू डोळ्यांपुढे यायचीस आणि मी आवाज चढवायचो.

गेल्या सोमवारपासून विभागात नवी पद्धत सुरू केलीय. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पेशंटकडे जाऊन विचारायचं, झोपण्याआधीचं शेवटचं काय आठवतं, उठल्यावरचं पहिलं काय, आणि मधलं काही आहे का. उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. समजूत घालायची नाही. पहिल्या दिवशी मी स्वतः फिरलो.

क्षमा पत्रातून मागत नाही. समोर येऊन मागतो. कधी येऊ?

तुझा,
गुरू

*

निपाणी
८ जून १९९४

चि. गुरू, आशीर्वाद.

येऊ नकोस. मीच येते.

पत्र वाचून मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. मग तोंड धुऊन भीमाचार्यांकडे गेले आणि म्हटलं, "माझं डोकं ठिकाणावर आहे, बरं का." ते म्हणाले, "ते केव्हा नव्हतं?" त्यांना काय सांगणार!

आता माझीही एक गोष्ट ऐक. मी टेबलावर आणखी एक बोलणं ऐकलं होतं, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. सर्जन म्हणाले, रक्त कमी पडतंय. तू म्हणालास, "माझं घ्या, गट तोच आहे." ते म्हणाले, "तू आडवा पडलास तर हिला कोण सांभाळणार?" आणि तू म्हणालास, "मग बसल्या जागी काढा. डावा हात मोकळा आहे माझा." त्यानंतरचं मला आठवत नाही. रक्त काढलं की नाही, तेही ठाऊक नाही.

गुरू, तुझ्यावर मी सत्तावीस वर्षं रागावले आणि तितकीच वर्षं मला तुझा अभिमान वाटत आला. बायका आपापल्या भावांचं कौतुक सांगायच्या तेव्हा मी गप्प बसायचे, पण आत म्हणायचे, माझ्या भावानं काय केलं ते तुम्हाला माहीत नाही.

पण यातच माझा गुन्हा आहे. हे मी त्या दिवशी बोलले असते तर तुला मानावंच लागलं असतं. विठाबाई तेव्हा वॉर्डात होती, तिला हे बोलणं कळायला मार्गच नव्हता. ती सुटली असती. पण तू 'स्वप्न' म्हणालास आणि माझ्या मनात आलं, माझा शब्द पुरत नसेल तर पुरावा कशाला देऊ? बहिणीनं भावाला पुरावा द्यायचा का? मग दिवस गेले, ती गाव सोडून गेली, आणि सांगायची लाज वाटायला लागली. तुझा ताठा आणि माझा ताठा. झळ बसली ती तिसरीच्या संसाराला.

ती तुमच्या बेंगळूरजवळच, आनेकलला असते. मुलगा योगीराज तिथल्या कारखान्यात फिटर आहे. दर वर्षी मी तिला पत्र घालते, ती दोन ओळींचं उत्तर धाडते. दोन ओळींत तिनं कधी एक शब्द लावून लिहिला नाही, आणि मीही कधी खरं लिहिलं नाही.

मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुझ्याकडे उतरते. आपण दोघं जाऊ.

अक्का

*

राजाजीनगर, बेंगळूर
४ जुलै १९९४

चि. कस्तुरी, आशीर्वाद.

हे पत्र तुझ्याच टेबलावर बसून लिहितेय. दिल्लीत उकाडा फार असेल, जप.

गुरू मला स्टेशनवर न्यायला आला होता. पिशवी हातातून घेतली आणि म्हणाला, "काढलं होतं. एक बाटली." एवढंच. मीही "सरी, बरं" म्हटलं. रिक्षात आम्ही दोघंही बाहेर बघत होतो.

तुझ्या निबंधाची प्रत टेबलावर सापडली. आभारांत 'निपाणीच्या एक निवृत्त शिक्षिका' असं लिहिलं आहेस. दिल्लीच्या प्रतीत ते खोड आणि माझं पूर्ण नाव घाल, माहेरच्या आडनावासकट. मी कुणी एक नाही. मी मालन नाडगौडा.

काल रविवारी आम्ही बसनं आनेकलला गेलो. विठाबाईचं घर गल्लीच्या टोकाला आहे. दोन खोल्या, दारात तुळस. ती उंबऱ्यापाशी बसून एका शेजारणीच्या तान्ह्या पोराला तेल लावत होती. केस पांढरे, पाठ सरळ. तिनं त्या भागात नर्सचं काम पुन्हा मागितलं नाही, कागदावर तो शेरा होता ना. पण आजूबाजूच्या खेड्यांतली बाळंतपणं करत राहिली. शेजारीण म्हणाली, "या गल्लीतली निम्मी पोरं विठाबाईंच्या हातची."

मला बघून ती हसली. गुरूला बघून हसू थांबलं.

"बसा, डॉक्टर."

"आधी बोलतो, मग बसतो," गुरू म्हणाला. आणि उभ्यानं बोलला. ईथर बंद केलेलं, अकरा मिनिटं, त्याला तेव्हाच कळलेलं सत्य, तिच्यावर ढकललेला दोष, सगळं. शब्द गिळला नाही. शेवटी म्हणाला, "तुम्ही खरं बोलत होता. मी खोटं बोललो." कस्तुरी, मला तेव्हा तुझ्या बापाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा त्या रक्ताच्या बाटलीचाही वाटला नव्हता.

मग मी माझं सांगितलं. ते जास्त अवघड गेलं, कारण ती मला चांगली समजत होती.

विठाबाईनं पोराच्या दुसऱ्या पायाला तेल लावायला घेतलं. मग म्हणाली, "सत्तावीस वर्षं, बाई." मला वर बघवेना. "तुमचे टाके ओले होते, मूल गेलं होतं, पहिल्या दिवसाचं मी समजू शकते. पण नंतर?"

"नंतरचं काही उत्तर नाही माझ्याकडे," मी म्हटलं.

"नाहीच," ती म्हणाली. पण माझ्यासाठी तिनं स्वतःच्या शेजारी चटई सरकवली.

योगीराज आतून येऊन दाराला टेकून उभा होता. उंच, अबोल, सदतीस वर्षांचा माणूस. विठाबाईनं पोर शेजारणीकडे दिलं आणि त्याच्याकडे बोट केलं.

"डॉक्टर, मी बोलले नव्हते हे मला ठाऊक होतं. म्हणून मी कधी मान खाली घालून चालले नाही. पण हा दहा वर्षांचा होता. शाळेतून नाव काढून इकडे आलो, तेव्हापासून यानं मला एकदाही विचारलं नाही, आई, तू सांगितलं होतंस का म्हणून. विचारलं नाही, म्हणजे याच्या मनात काय होतं ते मला कळत होतं."

"आई..." योगीराज म्हणाला.

"मला लिहून द्या," विठाबाई गुरूला म्हणाली. "तुमच्या सहीनं. मराठीत. इंग्रजी कागदानं एकदा माझं काम गेलंय."

गुरूनं बैठकीवर कागद ठेवून लिहिलं. मी मजकूर सुचवायला गेले तर त्यानं हातानं थांबवलं. विठाबाईनं कागद स्वतः वाचला नाही. तिनं तो योगीराजच्या हातात दिला. "वाच."

तो खाली बसून वाचायला लागला. "मी डॉक्टर गुरुराज नाडगौडा असे लिहून देतो की, ऑगस्ट १९६७ मध्ये परिचारिका विठाबाई यांनी माझ्या बहिणीस काहीही सांगितले नव्हते. माझ्या बहिणीने ते ऑपरेशनच्या टेबलावर स्वतःच्या कानांनी ऐकले होते. विठाबाईंवरील आरोप मी केला होता व तो खोटा होता." 'काहीही' या शब्दापाशी त्याचा आवाज फाटला आणि शेवटची ओळ तर पुटपुटल्यासारखीच आली.

विठाबाई भिंतीला पाठ लावून ताठ बसली होती. म्हणाली, "परत वाच. मला हल्ली स्वल्प कमी ऐकू येतं."

तिचे कान ठणठणीत आहेत, कस्तुरी. सुनेनं मागच्या खोलीतून चहात साखर किती म्हणून हळूच विचारलं, तेव्हा हिनंच इथून उत्तर दिलं होतं. योगीराजला ते माझ्याहून चांगलं माहीत. त्यानं बाहीनं डोळे पुसले, उठून उंबऱ्यात जाऊन उभा राहिला, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्या शब्दापासून वाचायला लागला.

आत्या